दोनदा दाबलेला हात

हे मी आजवर कुठे सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, वर्गात तर नाहीच. एकीला सांगितलं आहे, ती कोण ते पुढे येईल. आणि गंमत बघा — माणसं खचली, एकटी पडली की असलं काही सांगायला बसतात. मी मात्र आनंदाने नुसती फुगलेली असताना बसले आहे. आमच्या मुली जिंकल्या आहेत. आठवडा उलटला तरी माझ्या कानातला बँजो थांबलेला नाही, आणि पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवरचा निळा गुलाल दोन धुण्यांत निघालेला नाही. निघू नये असंच वाटतंय.

आमच्या मुली म्हणजे घोडपदेवच्या मैदानावरच्या कबड्डीच्या मुली. सलग तीन वर्षं अंतिम सामन्यात हरल्या, तिन्ही वेळा शेवटच्या पकडीत हरल्या. यंदा परळच्या मैदानावर त्याच शेवटच्या पकडीने जिंकल्या. मी बाकावर उभी राहून ओरडत होते. अडतीस वर्षांच्या प्राध्यापक बाईने ओरडू नये तसं ओरडत होते. घसा बसला. चष्मा कुठे पडला ते कळलंच नाही, नंतर कुणीतरी आणून दिला.

आता हा आनंद तुम्हाला पुरता सांगायचा तर त्यात माझी एक गोष्ट येते. ती गाळून सांगितला तर तो अर्धाच राहील. अर्धा कशाला — खोटाच राहील. म्हणून सांगते. पण जरा वळसा घालून सांगू द्या, थेट तोंडात येत नाहीये.

माझं काम काय, तिथून सुरू करते. मी मानसशास्त्र शिकवते, राहते दादरला, वाढले काळाचौकीत. आमच्या विषयात जुनी पद्धत अशी की माणूस का वागला हे बघायला त्याला एकट्याला खोलीत बसवायचं. तुझी भीती किती, तुझं लक्ष किती टिकतं, दिवा लागला की बटण किती पटकन दाबतेस. सात जणींचं असं सगळं मोजायचं, बेरीज करायची आणि म्हणायचं, हा झाला संघ. मी पहिल्या दिवसापासून यावर भांडत आले आहे. बेरजेने संघ होतो होय? सात जणींना एकत्र, खेळताना, घामात आणि मातीत पाहायला हवं. कारण एकीच्या वागण्याचं कारण दुसरीत असतं, दुसरीचं तिसरीत, आणि फिरत फिरत ते पहिलीकडेच परत येतं.

एक उदाहरण देते, माझं लाडकं आहे. एका संघात डावीकडच्या पकडी अधूनमधून एकदम ढासळायच्या. सगळे डाव्या बाजूच्या मुलींना झापायचे. मी दोन महिने मैदानाच्या कडेला बसून काढले आणि शोधून काढलं — ज्या दिवशी उजव्या कोपऱ्यातल्या मुलीची आई सामना बघायला यायची, त्या दिवशी हे व्हायचं. आई बसली की लेक अर्धं पाऊल पुढे सरकायची, जरा ताठ उभी राहायची. चढाई करणारी तिला बिचकून डावीकडे वळायची, आणि सगळा भार डाव्या बाजूवर पडायचा. आता सांगा, डावीकडची मुलगी कमी पडली, ती कुणामुळे? बाकावर बसून शेंगदाणे खाणाऱ्या त्या माउलीमुळे? हे सापडलं त्या दिवशी मी दादरपर्यंत चालत गेले, एवढा आनंद झाला होता.

घरी एक मोठा फळा आहे. त्यावर टाचण्या, आणि टाचण्यांना बांधलेले लोकरीचे धागे. कोण कुणामुळे हलतं, त्याचा एकेक धागा. नवरा म्हणतो, आमच्या घरात स्वेटर कधी पुरा होत नाही. या फळ्यावरच माझा प्रबंध उभा राहिला, पुस्तक आलं, भाषणं आली. आणि प्रत्येक भाषणात माझं एक वाक्य असायचं — पकड सुटली की ‘कोण चुकलं?’ असं विचारू नका, तो प्रश्नच चुकीचा आहे, चूक जाळ्यात असते. लोक टाळ्या वाजवायचे. दोन क्लबांनी ते वाक्य भिंतीवर रंगवून घेतलं.

किती चांगलं वाक्य आहे, नाही? आणि किती सोयीचं.

कारण मला माहीत होतं कोण चुकलं ते.

आता मित्राबद्दल. तिचं नाव संघमित्रा, पण मैदानावर एवढं लांब नाव कोण घेणार? मित्राच झालं. ती घोडपदेवची, मी काळाचौकीची, आणि दोघी एकाच संघात. मित्रा डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि तिच्या शेजारी मी. आम्हा दोघींचे हात एकमेकींत — याला साखळी म्हणतात. चढाई करणारी आत आली की कोपऱ्यातल्या मुलीने तिचा पाय धरायचा आणि साखळीतल्या दुसरीने त्याच क्षणी कमरेला जाऊन भिडायचं. एकटीने पाय धरला तर काही उपयोग नाही. समोरची तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेते, गुणही जातो आणि कोपरा, म्हणजे कोपऱ्यातली ती मुलगी, बाद होते.

आमच्या सरांची एक पद्धत होती, दुसऱ्या कुठल्या मैदानावर मी ती पाहिली नाही. कोपऱ्यातल्या मुलीची नजर समोरच्या पावलावर असते, तिला वरचं दिसत नाही. कंबर कुठे वळतेय, वजन कुठल्या पायावर आहे, हे दिसतं शेजारणीला. म्हणून शेजारणीने हात दाबून सांगायचं. एकदा दाबला — थांब. दोनदा दाबला — जा. तोंडाने अवाक्षर नाही, मान वळवायची नाही. बाहेरच्या कुणालाही ते दिसत नाही. पंचाला नाही, प्रेक्षकांना नाही, सरांनाही नाही. ते फक्त दोन हातांना ठाऊक असतं.

मित्रासारखी कोपरा मी नंतर इतकी वर्षं मैदानं पालथी घातली तरी पाहिली नाही. मी दाबायचा अवकाश, ती गेलेली असायची. तिचा तिच्या हातावर विश्वास होता. माझ्यावरही होता, पण ते त्यातच आलं.

आम्ही एकोणीस वर्षांच्या होतो. स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि बाहेर खुर्च्यांवर राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडणारे बसले होते. शिबिरात नाव आलं की पुढे खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळायची. मित्राच्या घरी त्या नोकरीकडे सगळ्यांचे डोळे होते. गिरणी बंद झाल्यापासून तिचे वडील रखवालदारी करत होते, आणि ते तिला म्हणायचे, तू खेळ, बाकीचं मी बघतो. हे मला माहीत होतं. त्यांच्या घरी मी जेवलेली होते.

पहिल्या डावात समोरच्या संघाच्या एका धिप्पाड मुलीची टाच माझ्या हनुवटीवर बसली होती. तोंडात रक्त आलं, एक दात हलला. मी पाणी प्यायले आणि परत उभी राहिले. पुढे तीच मुलगी शेवटच्या चढाईला आली. गुण बरोबरीत होते. तिला धरलं की सामना आमचा.

ती डावीकडे वळली. तिचं वजन मागच्या पायावर गेलं, हे मला स्वच्छ दिसलं. आणि मी मित्राचा हात दाबला. दोनदा.

मित्रा गेली. तिने पाऊल धरलंही, दोन्ही हातांनी, जसं धरायचं तसं. आणि मी गेले नाही. मला ती टाच दिसली, मित्राचा हात माझ्या हातातून सुटला आणि माझे पाय जागेवरून हलेनात. मित्राला मातीतून ओढत नेताना मी पाहिलं. तिने शेवटपर्यंत पाऊल सोडलं नाही. रेषेपर्यंत तिच्या कोपराने मातीत ओरखडा उठला होता. आम्ही हरलो.

तुम्हाला वाटेल हीच माझी चूक. भीती वाटली, पाय आखडले, एकोणीस वर्षांची पोर होती, जाऊ द्या. छे. ती चूक असती तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते, भाषणात उदाहरण म्हणूनही वापरली असती.

सामना संपल्यावर शाळेच्या एका वर्गात आम्ही कपडे बदलत होतो. मुलींचं आवरल्यावर सर आत आले आणि मित्रासमोर उभे राहिले. “जायला कोणी सांगितलं होतं?” मित्रा हाताला हळद लावत होती. ती शांतपणे म्हणाली, “दाब आला सर. दोनदा.” मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्राने पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती.

मी म्हणाले, “मी नाही दाबला.”

एवढंच. तेव्हा तिने वळून पाहिलं. माझ्याकडे क्षणभर, आणि मग स्वतःच्या हाताकडे. उजवा हात तिने पुढे धरला, उलटा केला, सुलटा केला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला मी खोटारडी वाटले नाही हो. तिला तिचा हात खोटा वाटला.

आणखी एक धागा आहे. तो मी माझ्या कुठल्याही फळ्यावर लावला नव्हता. आमच्या संघातल्या बाकी सगळ्या कोकणातून आलेल्या घरांतल्या, आणि मित्रा एकटी बौद्ध घरातली. त्यावरून कुणी कधी काही बोललं नाही. बोलायची गरजच पडत नव्हती. माझं ‘नाही’ सगळ्यांना तिथल्या तिथे पटलं, आणि तिचं ‘हो’ कुणी तपासूनही पाहिलं नाही. ते असं होईल हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. मी त्याच्याच आधारावर खोटं बोलले.

सर म्हणाले, “घाई. घाई नडली पोरीला.” आणि तिचं ते नाव पडलं. काळाचौकीपासून डिलाइल रोडपर्यंत कबड्डीच्या लोकांत मित्रा म्हणजे घाई. शिबिराच्या यादीत माझं नाव आलं, तिचं आलं नाही. मी एक हंगाम खेळले आणि खेळाडूंच्या जागेवर कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे मानसशास्त्र घेतलं. माझ्या सगळ्या विद्येची पहिली पायरी ती आहे. मित्रा कोपऱ्यात पुन्हा उभी राहिली नाही. वडील रखवालदारी करतच गेले आणि ती कुरिअर कंपनीत लागली.

मग मी काय केलं? एक आख्खा सिद्धांत उभा केला. माणसाचं वागणं त्याच्या एकट्याचं नसतं, असं दहा-बारा वर्षं सिद्ध करत बसले. आणि खरं सांगते, ते खरंच आहे. शंभर वेळा तपासलंय मी. पण मी ते शोधायला निघाले ती कशासाठी? चूक सगळ्या जाळ्यात वाटली गेली की माझ्या वाटणीला चिमूटभरच येईल, यासाठी?

असो. आता मजेचा भाग येतो, आणि तो खरोखर मजेचा आहे.

तीन वर्षांपूर्वी मला कळलं की घोडपदेवच्या मैदानावर एक बाई मुलींचा संघ तयार करतेय. दुपारी तीनपर्यंत पार्सलं लावते आणि चारला शिट्टी घेऊन मैदानात हजर. मी नाव विचारलं नाही, मला कळलंच होतं. दोन वर्षं टाळलं, आणि गेल्या वर्षी गेले, कारण तळव्यात साखळी धरताना दाब मोजता येईल अशी पट्टी आम्ही बनवून घेतली होती आणि हाताच्या दाबावर खेळणारा तोच एक संघ उरला होता. मित्राने माझं स्वागत केलं. “ये शुभा, ये. मोठी मॅडम झालीस. चहा घेणार?” जुना विषय तिने काढला नाही, मीही नाही. मुली तिला मित्राताई म्हणायच्या.

मी पट्ट्या लावल्या, कॅमेरे लावले, घरी फळा भरत गेला. उजवी बाजू बिनचूक. दाब येतो, मुलगी जाते. डाव्या बाजूला मात्र दाब आणि झेप यांच्यात मध्येच काहीतरी अडायचं. अगदी डोळा लवण्याएवढा वेळ, पण कबड्डीत तेवढ्यात सगळं होऊन जातं. धागे इकडून बांधले, तिकडून बांधले, मुलींच्या घरचं, झोपेचं, शाळेचं सगळं विचारलं. डाव्या कोपऱ्याच्या टाचणीला एक धागा लोंबतच राहिला. त्याचं दुसरं टोक कुठे बांधायचं ते सापडेना.

मित्रा एक दिवस म्हणाली, “काय गं, तुझ्या मशीनला विचार की. माझ्या पोरी डावीकडेच का लेट होतात? तीन फायनल गेल्या त्याच्यात. माझंच काय चुकतंय काय?”

त्या दिवशी मी घरी जाऊन आमचं आणि आधीच्या अंतिम सामन्यांचं चित्रीकरण अगदी हळू करून पाहिलं आणि दिसलं. डाव्या कोपऱ्यातली प्रज्ञा दाब आल्यावर झेपेच्या आधी शेजारणीच्या तोंडाकडे एकदा बघून घ्यायची. प्रत्येक वेळी. तिच्या आधीच्या वर्षीची मुलगी — तीही. त्याच्या आधीची — तीही. दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाला विचारलं, बघतेस का गं? ती म्हणाली, “मित्राताईनी शिकवलंय ना मॅडम. दाब आला तरी बघून खात्री करायची. हात फसवतो.” उजव्या बाजूला मित्रा फारसं लक्ष घालत नसे, त्या मुली आपापल्या शिकल्या होत्या. डावा कोपरा मात्र ती स्वतः शिकवायची, कारण ती तिची जागा होती.

मी तिथेच मैदानाच्या पायरीवर बसले. प्रज्ञा सोळा वर्षांची आहे. मी ‘नाही’ म्हणाले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आणि माझं ते ‘नाही’ तिच्या मानेत बसलं होतं, रोज संध्याकाळी चारला तिची मान वळवत होतं. तीन अंतिम सामने त्याने घालवले होते. एवढी वर्षं मी ओरडून सांगत होते की एकाचं वागणं दुसऱ्यातून तिसऱ्यात जातं, आणि इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या हाताला आजवर लागलं नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आधी आनंद झाला. बरोबर होतं माझं. सगळं बरोबर होतं. मग कळलं की लोंबता धागा कुठे बांधायचा आहे.

तरी मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले. मुली धावत होत्या, मित्रा मातीवर पाणी मारत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मनात जुळवलेलं सगळं विसरले. म्हणाले, “मित्रा, त्या मॅचला मी दाबला होता. दोनदा.”

तिने नळी खाली ठेवली. पाणी तसंच वाहत होतं. मला वाटलं, आता मारेल, आता रडेल, मला काहीतरी विचारेल — का केलंस, असं तरी. तिने विचारलं, “दोनदा ना? नक्की?” मी म्हणाले, हो, नक्की. तिने तोच उजवा हात पुढे धरला आणि उलटा-सुलटा करून पाहिला, तसाच, त्या वर्गात पाहिला होता तसा. आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“म्हंजे माझा हात बरोबर होता,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, मैदानाला ऐकू जाईल असं, “अरे, माझा हात बरोबर होता.”

माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. मी तिच्यासाठी एवढी मोठी गोष्ट घेऊन गेले होते आणि तिला त्यातलं स्वतःचं तेवढं हवं होतं. तिने शिट्टी वाजवली, मुलींना गोळा केलं आणि सांगितलं, “आजपासनं बघायचं नाय. दाब आला की जायचं. मी चुकीचं शिकवलं होतं.” मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, “तू आज जा शुभा. उद्या ये, पट्ट्या घेऊन. आज नको.” मी गेले. दुसऱ्या दिवशी पट्ट्या घेऊन आले.

मित्रा चुकीचं शिकवत होती म्हणे. तेही तिने स्वतःवर घेतलं.

लागलेली सवय मोडायला काय काय केलं तिने. प्रज्ञाच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि साखळीत उभं करायचं. समोरून मुलगी येतेय, तिला काही दिसत नाही, साखळीत शेजारी उभ्या असलेल्या सानिकाचा दाब तेवढा कळतो. पहिले काही दिवस प्रज्ञा हवेत झेपावून नाक खरवडून घ्यायची. मान वळायचीच, बांधलेल्या डोळ्यांनीसुद्धा वळायची. कधी मित्रा स्वतः साखळीत उभी राहायची. एकदा तिने ती ओढणी स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि सानिकाला म्हणाली, दे हात. सानिकाने दाबला, आणि चाळिशीला टेकलेली ती बाई अशी काही गेली की समोरच्या मुलीला उचलूनच आडवी केली. मुली नाचायला लागल्या. मी पट्टीचा आकडा बघितला. मध्ये काहीही अडलं नव्हतं.

अंतिम सामन्याची शेवटची चढाई डावीकडेच आली, येणारच होती, तीन वर्षं सगळ्यांना आमची डावी बाजू ठाऊक होती. माझं लक्ष प्रज्ञाच्या मानेवर होतं. सानिकाचा अंगठा हललेला मला बाकावरून दिसला नाही, तो कुणालाच दिसत नाही. प्रज्ञाची मान हलली नाही. ती गेली. पाऊल तिच्या हातात, त्याच दमात सानिका कमरेला, मागून सगळ्या, आणि समोरची मुलगी रेषेपासून चार हात अलीकडे मातीत. पंचाची शिट्टी कुणाला ऐकू आली नाही. मित्रा उड्या मारत नव्हती. ती जागेवर उभी राहून आपला उजवा हात आपल्याच डाव्या हाताने घट्ट धरून होती. परळहून घोडपदेवपर्यंत मिरवणूक गेली. गुलाल निळाही होता, गुलाबीही होता. मी आयुष्यात इतकी नाचले नव्हते.

इथेच थांबता आलं असतं. पण परवाच्या रविवारी काळाचौकीत सत्कार झाला. व्यासपीठावर सर, आता थकलेले, शाल पांघरून बसलेले. पहिल्या रांगेत मित्रा आणि मुली. सरांनी माईक घेतला आणि कौतुकाने म्हणाले, “आमची घाई शेवटी सबुरी शिकली बरं का.” हॉल हसला. मनापासून हसला, प्रेमाने हसला. प्रज्ञाही हसली, तिला काय माहीत?

त्यानंतर माईक माझ्या हातात आला.

मी काय बोलले सांगू? श्रेय एकाचं नसतं, चूकही एकाची नसते, सगळं जाळं असतं. तेच भाषण. टाळ्या पडल्या. मित्रा ओढणीच्या टोकाने करंडकावरचे बोटांचे ठसे पुसत होती. कार्यक्रमानंतर वडापाव वाटत असताना ती जवळ आली आणि म्हणाली, “बरं बोललीस. जाळं-बिळं.” आणि मुलींना वडे कमी पडू नयेत म्हणून पुढे गेली.

म्हणजे दुसऱ्यांदा. एकोणीस वर्षांनी, हातात माईक असताना, दाताला काहीही लागलेलं नसताना. त्या दिवशी भीती तरी होती. परवा काय होतं? शाल होती, श्रीफळ होतं.

घरी येऊन फळ्यावरचा तो लोंबता धागा मी माझ्या नावाच्या टाचणीला बांधला. माझ्या नावाची टाचणी त्या फळ्यावर नव्हतीच, नवीन लावावी लागली. माझा सिद्धांत मी मागे घेत नाही. तो खरा आहे, आणि तो माझ्यापर्यंत येऊन पोचला याचा मला अजून आनंद आहे. त्यात फक्त एक भर घालायची आहे. जाळं असतं, आणि त्यात एखादा धागा कुणीतरी जाणूनबुजून ओढलेलाही असतो.

हे छापून आल्यावर सरांपर्यंत जाईल. काळाचौकीत, लालबागला, डिलाइल रोडला वाचलं जाईल. मित्राला आजही कुणी घाई म्हणून हाक मारत असेल, त्याच्यासाठी लिहिते आहे. दाब आला होता. दोनदा आला होता, आणि तो मी दिला होता. त्या संध्याकाळी डाव्या कोपऱ्यातली मुलगी अगदी वेळेवर गेली होती.